आंदणात मागितलेलं झाड

आमच्या घरात आभाळाकडं बघत बसायचा हक्क दोघांनाच होता. एक मोठे काका. घरचा कारभार त्यांच्या हातात होता आणि ढग बघून शेतीचं ठरवणं हे कारभाऱ्याचं काम. दुसरी मी, कारण वाळवणाची राखण माझ्याकडं होती. बाकी बायकांनी खाली बघून चालावं, खाली बघून बोलावं आणि खाली बघूनच हसावं, अशी आमच्याकडची रीत. मी दहावीला इंग्रजीत गचकले आणि घरी बसले तेव्हा काकी म्हणाली, "आता तरी घराकडं लक्ष दे गो कुसुम." मी लक्ष दिलं, पण मांडवावर बसून दिलं. आता साठी उलटल्यावर लोक मला विचारतात, आजी, तुम्हाला शिकारी पक्ष्यांचा नाद कुठून लागला? त्यांना वाटतं मी कुठल्या तरी शिबिराला गेले असणार. वालाच्या दाण्यांमुळे लागला असं सांगितलं की हसतात. हसू देत.

घर शहापूर तालुक्यातल्या डोळखांबच्या वरच्या अंगाला, शेतं संपून डोंगर सुरू होतो तिथं. मातीच्या भिंती, वर कौलं, पुढं सारवलेलं अंगण आणि अंगणात मांडव. लग्नाचा नव्हे. लाकडी मेढी रोवून वर आडवे बांबू टाकायचे आणि त्यावर गुरांसाठी वर्षभराचा पेंढा रचायचा, तो मांडव. एका कोपऱ्यातला पेंढा सरकवून तिथं बांबूची चटई अंथरलेली असे आणि तिच्यावर ऋतूप्रमाणे वाल, उडीद, मिरच्या, मोहाची फुलं वाळत पडत. खाली अंगणात टाकायची सोय नव्हती, कारण काकीच्या कोंबड्यांनी दाणा शिल्लक ठेवला नसता. म्हणून मी शिडीनं वर चढायची, हातात फडकं बांधलेली काठी. खालून काकी भाकऱ्या थापायची तो टपटप आवाज, आई उखळात भात सडायची तो धपधप, गोठ्यातल्या गुरांच्या घंटा, आणि मधूनच भाजलेल्या सुक्या बोंबलाचा वास. दुपारी आई शिडीच्या पायरीवर उभी राहून नाचणीची भाकरी आणि वालाचं बिरडं वर सरकवायची. मी जेवायला खाली उतरले की कावळे उतरलेच म्हणून समजा. राणीला तरी जागेवर ताट कोण आणून देतं?

कावळ्यांवर नजर ठेवता ठेवता वरची मंडळी दिसायला लागली. भाताची कापणी झाल्यावर उघड्या पडलेल्या शेतावर एक पांढरट पक्षी एकाच जागी पंख हलवत उभा राहायचा, खालच्या उंदराचा नेम धरून, आणि मग पाय खाली सोडून सरळ उतरायचा. घरांमधल्या बोळातून एक लहानसा करडा पक्षी इतका खालून जायचा की आधी बुलबुलांची तोंडं बंद व्हायची आणि मग तो गेल्याचं कळायचं. गिधाडं तर तेव्हा पुष्कळ. गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की डोंगरावरून उतरत आणि माणसांसारखी भांडत. माझ्या नातवंडांनी गिधाड पाहिलेलं नाही. त्यांना त्याचं काही वाटत नाही, मला मात्र राग येतो, आणि कोणावर काढावा ते कळत नाही.

आमच्या गावाला यातला फरक कळत नव्हता. लहान असला तर शिकरा, मोठा असला तर घार, आणि दोघंही चोर. आभाळात काही फिरताना दिसलं की सगळ्या घरांतून बायका ओरडत, "घार, घार!" कोंबडी घशातून वेगळाच आवाज काढी आणि पिल्लं तिच्या पंखाखाली शिरत. माझ्या लेखी मात्र त्यातली एक घार वेगळी होती. घरामागं, गुरांच्या वाटेच्या वर, एक उंच ऐनाचं झाड होतं. त्यावर ती बसायची. अंगानं गडद तपकिरी, तोंडाजवळ आणि पायांवर हळदीसारखी पिवळी, मानेमागं फुगवलेला काळापांढरा तुरा. उन्हं चढली की घिरट्या घेत वर जायची आणि "कीऽ कीऽ कीऽऽ" अशी शीळ घालायची. ती शीळ पार खालच्या ओढ्यापर्यंत ऐकू जायची. पंख पसरले की खालून पांढरा पट्टा दिसायचा. तिच्या पायात मी कितीदा साप लोंबताना पाहिला, पण कोंबडीचं पिल्लू एकदाही नाही. पुस्तकात तिला सर्पगरुड म्हणतात हे मला फार उशिरा, माझ्या मुलीच्या शाळेच्या पुस्तकातून कळलं. तेव्हा ती फक्त माझी मोठी घार होती.

त्या वर्षी माघात तिनं आणि तिच्या जोडीदारानं ऐनाच्या वरच्या बेचक्यात काटक्या आणायला सुरुवात केली, आणि नेमकी त्याच दिवसांत काकीची पिल्लं नाहीशी व्हायला लागली. काकीचा कोंबड्यांवर फार जीव. त्यांचं अंडं काकांनाही तिला विचारून खावं लागे. तिनं आमच्याकडचा जुना उपाय केला. मागच्या शिमग्याचा उरलेला रंग माळ्यावरच्या डब्यातून काढला, पाण्यात कालवला आणि एकेक पिल्लू धरून त्यात बुचकळलं. रंगीत पिल्लाला घार बिचकते, असं सगळे मानत. अंगणात गुलाबी पिल्लं पळायला लागली. दृश्य मोठं गोड होतं, पण पिल्लं जायची थांबली नाहीत. उलट आता ती लांबून ठळक दिसायला लागली.

एका संध्याकाळी काका ओटीवर बसून कोयत्याला धार लावत होते. काकीनं पुन्हा एक पिल्लू गेल्याचं सांगितलं. काकांनी वर बघितलंसुद्धा नाही.

"ऐनावर ती मोठी घार बसली हाय ना, तिचंच काम. राबासाठी त्या झाडाचा टहाळ काढायचाच हाय. तेव्हाच घरटं पाडू. एका फेऱ्यात दोन कामं."

राब म्हणजे काय, हे आता शहापुरातल्या पोरांनाही सांगावं लागतं. भाताचं रोप जिथं पेरायचं तो तुकडा आधी भाजतात. ऐनासारख्या झाडांच्या पानासकट फांद्या तोडून वाळवायच्या, हा टहाळ. तो शेणावर रचायचा, वर पातेरा म्हणजे जंगलातला पालापाचोळा आणि माती टाकायची आणि उन्हाळ्यात पेटवायचा. त्या राखेत पेरलेलं रोप काळंभोर येतं. आमचं पोट त्या भाजलेल्या तुकड्यावर उभं होतं, त्यामुळे काका काही वाईट बोलत नव्हते. पण चोरीचा आळ खोटा होता आणि खोटा आळ मला आजही सहन होत नाही.

"ती पिल्लं नाय नेत काका. साप खाते ती," मी म्हणाले.

"तुला येवून सांगून गेली का काय?" काका म्हणाले, आणि ओटीवरचे सगळे हसले. बाबाही हसले. ते कसाऱ्याला रेल्वेच्या गँगमध्ये होते, सुटीला घरी येत आणि मोठ्या भावापुढं तोंड उघडत नसत.

दुसऱ्या दिवशी मी ऐनाखाली जाऊन आले. सापाच्या कातडीचे तुकडे होते, सरड्याचं शेपूट होतं, विष्ठेचे पांढरे पट्टे होते. गुलाबी पिसाचा मागमूस नव्हता. मी ते कातडीचे तुकडे पानात गुंडाळून आणले आणि काकीपुढं ठेवले. काकीनं नाक मुरडलं. "शी! ते कशाला आणलं घरात! गुलाबी पीस नाय म्हणून काय झालं? अख्खं गिळलं असंल तिनं." पुरावा दाखवला की माणसं मान्य करतात, असं जे पुस्तकात लिहितात, ते लिहिणाऱ्यांना काक्या नसाव्यात.

मग बोका सापडला. काकीचा बोका होता, गलेलठ्ठ, चुलीच्या उबेला पसरलेला. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर हा डोळे मिटून पंजा चाटत होता आणि त्याची हनुवटी, मिशा आणि छातीची पांढरी लव छान गुलाबी झाली होती. मी काकीकडं बघितलं. काकीनं बोक्याकडं बघितलं. मग तिनं पदराचं टोक ओलं केलं आणि त्याचं तोंड पुसायला लागली.

"रंगाच्या डब्यात तोंड घातलं असंल मेल्यानं."

"डबा माळ्यावर हाय काकी, झाकण लावून."

"तू गप रव," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा पडला.

मी गप्प राहिले नाही. तशीच ओटीवर गेले आणि काकांना सांगितलं की चोर घरात आहे, त्याचं तोंड गुलाबी आहे. काकांनी काकीला हाक मारली. काकी दारात आली, हात पदराला पुसत. "कुठं गुलाबी? मी नाय बा पायलं," असं म्हणाली आणि आत निघून गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. काका म्हणाले, "झालं तुझं? बोका असू दे नायतं घार असू दे. राबाला टहाळ लागतो तो काय बोक्याच्या अंगावरनं काढू?"

तेव्हा मला कळलं की आता भांडण पिल्लांचं राहिलेलं नाही. आळ खोटा ठरला तरी झाड सुटत नव्हतं. मी म्हणाले, "त्या झाडाचा जेवढा टहाळ होतो त्याच्या जागी मी पातेरा आणीन."

"नुसत्या पातेऱ्याची राख वाऱ्यावर जाते. रोप पिवळं येतं."

"येवू दे."

"येवू दे?" काकांनी कोयता बाजूला ठेवला. "बरं. आण तू. पण रोप कमी पडलं ना, तं पुढल्या वर्षी मी नुसता टहाळ नाय काढणार, बुंध्यातनं झाड पाडीन. चालंल?"

"चालंल," मी म्हणाले. बोलून बसले. शब्द तोंडातून गेला होता, आणि खरं सांगायचं तर मला तो परत घ्यायचाही नव्हता.

सकाळी मी उठले तर आई अंगणात जुन्या लुगड्याची चुंबळ वळत बसली होती. डोक्यावर ओझं घ्यायला लागते ती, एक तिच्यासाठी, एक माझ्यासाठी. माझी आई फार कमी बोलणारी. मला भाऊ झाला नाही, यावरून तिला आयुष्यभर जे ऐकावं लागलं त्यातच तिचं बोलणं संपलं असावं. "चल, ऊन चढंल," एवढंच म्हणाली. आम्ही दोघी डोंगरात जाऊन पातेरा गोळा करायचो, जाळीत दाबून भरायचो आणि डोक्यावर घेऊन उतरायचो. पातेरा दिसायला मोठा आणि जळायला काहीच नाही. घाम, पानांचा चुरा मानेत शिरलेला, पायाखालून दगड निसटतोय. गावातल्या बायका विचारायच्या, घरचे गडी कुठं गेले? आई उत्तर द्यायची नाही. मी द्यायची. "गडी कोयत्याला धार लावतात," असं एकदा म्हटलं, ते काकांच्या कानावर गेलंच.

वाटेत एक दरड होती. तिच्यावर उभं राहिलं की ऐनाचा शेंडा आपल्या नजरेच्या खाली यायचा आणि घरट्यात डोकावता यायचं. एकदा भारा उतरवून मी आईला तिथं नेलं. घार उठून गेली होती. काटक्यांवर हिरवी पानं अंथरलेली आणि त्यात एक मळकट पांढरं अंडं.

"एकच?" आईनं विचारलं.

"एकच घालते ती."

आई दरडीच्या कडेला आणखी पुढं सरकली. "एकच असलं का जीव लय टांगतो गो," ती म्हणाली, आणि मग माझ्याकडं न बघता चुंबळ डोक्यावर नीट केली. त्या दिवसानंतर ती माझ्यापेक्षा मोठा भारा आणायला लागली.

वैशाखात राब भाजला. घरट्यातलं पिल्लू तेव्हा बाहेरच्या फांदीवर येऊन बसायला लागलं होतं, अंगभर पिसं, चेहरा चिडका. धूर वर गेला तेव्हा मी ऐनाखालीच उभी होते, जणू माझ्या उभं राहण्यानं धूर वळणार होता. तो दुसरीकडेच गेला. पावसाच्या तोंडावर पिल्लू उडालं. आधी धडपडत पलीकडच्या आंब्यावर, मग तिथून डोंगराकडं. मी मांडवावर होते. वाळवण केव्हाच आत गेलं होतं आणि माझं वर काही काम नव्हतं, तरी होते. मला ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडले. शेजारच्या घरांतून लगेच बायका ओरडल्या, "घार, घार!" काकीच्या कोंबड्या पळाल्या. मी पोट धरून हसले.

पण रोप पिवळं आलं. सगळं नाही, जिथं पातेरा जास्त आणि शेण कमी पडलं होतं त्या बाजूचं. लावणी होत आली तेव्हा शेवटच्या खाचराचा एक कोपरा रिकामा राहिला. आई आणि मी चिखलात उभ्या होतो, हातात रोपाची एकही पेंढी उरली नव्हती. काका बांधावर आले, त्या कोपऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "बोलणं झालंय आपलं," म्हणाले आणि गेले. ते खोटं बोलत नव्हते, ही त्यांची सगळ्यात वाईट बाजू. दिलेल्या शब्दाला ते इतके पक्के होते की त्यांच्याशी भांडायला माणसाला जागाच उरत नसे. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. पण मी माफी मागायला गेले नाही, आणि झाड वाचवा म्हणून पाया पडायलाही गेले नाही.

दिवाळीनंतर माझ्यासाठी स्थळ आलं. मुलगा मुरबाडकडचा, घरी शेती, स्वतः शहापूरला एका दुकानात कामाला. आभाळाकडं बघत बसणारी पोरगी लवकर उजवलेली बरी, असं घरात सगळ्यांचं मत होतं, आणि माझं मत कोणी विचारलं नव्हतं. सुपारी फोडायची बैठक माघात ठरली. त्याच आठवड्यात टहाळ काढायचा होता. कुऱ्हाडीला नवा दांडा घातलेला मी पाहिला होता. आणि ऐनावर मोठी घार पुन्हा काटक्या आणत होती, मागच्याच बेचक्यात.

बैठकीच्या दिवशी ओटीवर माणसं दाटीवाटीनं बसली होती. एका बाजूला मुरबाडकर, एका बाजूला आमचे, मधे पानाचं तबक. बायका दाराआड. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा आंदणाची बोलणी चालली होती. मुलीला सासरी जाताना माहेरचं जे द्यायचं ते आंदण. ते एकदा दिलं की माहेरच्यांनी त्याला हात लावायचा नाही, लावला तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. काका सांगत होते, हंडा, कळशी, परात आणि एक गाभण गाय. मुरबाडकर खूश दिसत होते. माझे होणारे सासरे चहाची बशी उचलत सहज म्हणाले, "पोरीच्या मनात काय असंल तं तिलापण विचारा." अशा वेळी हे म्हणायची पद्धत असते, आणि पोरीनं खाली बघायची पद्धत असते.

मी वर बघितलं. "मला ऐन पायजे," मी म्हणाले.

"काय पायजे?"

"ऐनाचं झाड. घरामागचं. घार बसते ते."

कोणीतरी हसलं. सासऱ्यांनी बशी खाली ठेवली. "आणि नेणार कसं गो? बैलगाडीत घालून?"

"नेणार नाय. हितंच राहील. पण आंदणाचं म्हणून माझं. त्याला कोयता लावायचा, कुऱ्हाड लावायची, तं मला विचारून."

काकांचा चेहरा असा लाल झाला की मला वाटलं आता उठून थोबाडीत देतात. "येड लागलंय हिला," ते म्हणाले. "आत जा."

मी गेले नाही. ट्रे हातात धरून उभी राहिले. बाबा पायाच्या अंगठ्याकडं बघत होते. मुरबाडकरांमध्ये कुजबुज सुरू झाली. एक म्हातारा उठायच्या बेतात होता. लग्न मोडलं असतं, हे मला तेव्हाही दिसत होतं, आणि मोडलेल्या लग्नाच्या मुलीचं आमच्याकडं काय होतं तेही मला माहीत होतं. तरी पाय हलेनात.

तेवढ्यात दाराआडून काकी बाहेर आली. डोक्यावरून पदर, नजर जमिनीवर. पुरुषांच्या बैठकीत ती आयुष्यात पहिल्यांदाच आली असावी.

"माझी पिल्लं घारीनं नाय नेली," ती म्हणाली. "बोक्यानं नेली. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं व्हतं. मी खोटी बोलली." आणि मग काकांकडं पहिल्यांदाच वर बघून म्हणाली, "द्या तिला झाड."

मुरबाडकरांना कसली पिल्लं आणि कसला बोका, काही उमगलं नाही. पण घरात काहीतरी जुनं उकरलं जातंय एवढं त्यांना कळलं. मग कोपऱ्यात बसलेला मुलगा, ज्याच्याकडं मी तोवर नीट बघितलंही नव्हतं, घसा साफ करून बोलला, "गाय राहू द्या. झाडच द्या." पुढं संसारात आमच्या ह्यांनी माझं किती ऐकलं हा वेगळा विषय आहे. पण त्या एका वाक्यावर मी त्यांना खूप काही माफ केलं.

काकांनी सगळ्यांकडं एकदा बघितलं. "दिलं," ते म्हणाले. पान थुंकावं तसा तो शब्द बाहेर आला. पण आला.

गाय मिळाली नाही. ती न आलेली गाय माझ्या सासूनं मला जन्मभर ऐकवली. घरात दूध नासलं तरी तिची आठवण निघायची. काकांनी मला कधी मोकळेपणानं जवळ केलं नाही. पण त्यांनी ऐनाला हात लावला नाही. राबाच्या दिवसांत ते त्या झाडाला वळसा घालून जात, जसं एखाद्या न बोलणाऱ्या नातेवाइकाला टाळावं. त्यांच्यानंतर त्यांच्या मुलानंही लावला नाही. मधे काही वर्षं झाड रिकामं गेलं, मग पुन्हा जोडी आली. ही ती नव्हे, हे मला कळतं. मला वेडी समजू नका.

आता काकांचा नातू रोशन तिथं राहतो. घर स्लॅबचं झालं, मांडव गेला, राबही गेला. परवा त्याचा फोन आला. "आत्या, जमिनीचं जमतंय. मुंबईची पार्टी उद्या साइट बघायला येते. पण ते झाड रस्त्यातच येतं. तुमचं नाव निघालं म्हणून विचारतो, काय कागद हाय का तुमच्याकडं?" मी दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली एसटी पकडली. गावाच्या फाट्यावर त्यांच्या प्लॉटच्या योजनेचा मोठा बोर्ड लागलाय, त्यावर पांढऱ्या डोक्याचा कुठला तरी परदेशी गरुड पंख पसरून बसलाय, जो या तालुक्यात जन्मात कोणी पाहिलेला नाही. त्याच्या चित्रासाठी पैसे मोजणार आणि खऱ्या घारीचं झाड तोडणार. मी त्या बोर्डाखाली एसटीतून उतरले तेव्हाच माझं डोकं तापलं होतं.

रोशन अंगणात उभा होता. पोरगा वाईट नाही, हात जोडून बोलतो. "आत्या, कागद नसंल तं मंग..."

"कागद नाय रे," मी म्हणाले. "आंदण हाय. ते परत घ्यायचं असंल तं आधी मला माहेरी परत घ्या. माझं ताट, माझी चटई, मांडवावरचा माझा कोपरा, सगळं मांडून द्या. मंग झाड पाडा."

तो खाली बघायला लागला. त्याची बायको जिन्यात उभी होती. तिनं स्लॅबवर उडदाचे पापड वाळत घातले होते आणि हातात काठी होती, टोकाला फडकं बांधलेली. तिनं ती काठी माझ्या हातात दिली आणि बाजूला सरून मला वर जायला वाट दिली.

मी वर गेले. गुडघे दुखतात, पण गेले. घरामागं ऐन उभा होता आणि त्याच्या शेंड्यावरून ती घिरट्या घेत चढत होती, खालून पांढरा पट्टा दाखवत. शीळ आली, पार ओढ्यापर्यंत गेली असणार. थोड्या वेळानं खाली गाडी येऊन थांबली, दारं वाजली, रोशन कोणाला तरी हळू आवाजात सांगत होता, "झाडाचं जरा बोलावं लागंल. झाडवाली वर बसली हाय." त्यांनी मला हाक मारली. मी कावळे हाकलत होते. खाली उतरले नाही.